एलपीसीडी म्हणजे काय? पाणी, वीज आणि उद्योगाचे इंग्रजी शब्द व आपली लढाई

गेल्या उन्हाळ्यात आमच्या अभ्यासवर्गात एक मुलगी मोबाईलवर फोटो घेऊन आली. तिच्या गावातल्या नळयोजनेचा फलक होता. योजनेची रक्कम, कामाची मुदत आणि खाली एक ओळ : 55 एलपीसीडी. तिने विचारले, "दादा, हे एलपीसीडी म्हणजे काय?" विहारात आम्ही पंधरा-वीस जण बसलो होतो. बहुतेक पदवीधर. एकालाही सांगता आले नाही.

मग शोधले. लिटर पर कॅपिटा पर डे. म्हणजे दर माणशी, दर दिवशी इतके लिटर. जल जीवन मिशनने 2019 पासून ग्रामीण घरासाठी धरलेले हे माप आहे. अर्थ कळल्यावर हिशेब सोपा होता. तिच्या वस्तीत 400 माणसे. 55 ने गुणले तर रोज 22,000 लिटर पाणी यायला हवे. वस्तीची टाकी 10,000 लिटरची, तीही दिवसाआड भरते. म्हणजे रोजचे 5,000 लिटर. माणशी साडेबारा लिटर.

इतकी वर्षे वस्ती ग्रामसभेत सांगत होती, "आम्हाला पाणी कमी येतं." उत्तर ठरलेले होते, "सगळ्यांनाच कमी येतं." यंदा ती मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "फलकावर 55 लिहिलंय, आम्हाला साडेबारा मिळतं. उरलेलं साडेबेचाळीस कुठं जातं ते प्रोसिडिंगमध्ये लिहा." लिहावे लागले. पाणी अजून वाढलेले नाही, हेही खरे सांगतो. पण तक्रारीचा आकडा झाला, आणि आकड्याला "सगळ्यांनाच" असे म्हणून वाटेला लावता येत नाही.

या एका शब्दाने आम्हाला एका जुन्या इतिहासाकडे पुन्हा बघायला लावले. तो इतिहास आपलाच आहे, पण आपण तो नीट वाचलेला नाही.

आपल्याला 1927 चा महाड पाठ आहे. चवदार तळे, 20 मार्च, बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलेले पाणी. पण त्या सत्याग्रहाच्या आधी एक कागद होता आणि नंतर एक खटला होता, हे आपण भाषणात सांगत नाही. 1923 मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे मंडळात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेली वा चालवलेली तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने तो मान्य केला, पण अंमल केला नाही. सत्याग्रहानंतर सवर्ण मंडळी कोर्टात गेली. त्यांचे म्हणणे काय होते? तळे सार्वजनिक नाही, खासगी आहे, आणि अस्पृश्यांना तिथे बंदी असणे ही जुनी वहिवाट आहे. म्हणजे भांडण पाण्याचे होते, पण कोर्टात ते 'पब्लिक' की 'प्रायव्हेट' या दोन शब्दांवर आणि 'कस्टम' या तिसऱ्या शब्दावर लढले गेले. 1937 मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. ओंजळभर पाणी प्यायला काही क्षण लागले. त्या शब्दांचा निकाल लागायला दहा वर्षे लागली.

त्या निकालानंतर पाचच वर्षांनी, जुलै 1942 मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. ज्या माणसाला लहानपणी शाळेत माठाला हात लावू दिला नव्हता, त्याच्या खात्याकडे आता देशाच्या पाटबंधारे आणि विजेच्या धोरणाचे काम आले. 1946 पर्यंतची ही चार वर्षे आपल्या जयंतीच्या बॅनरवर कुठेच नसतात.

असली तरी ती चुकीची असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते की बाबासाहेबांनी हिराकूड बांधले, भाक्रा बांधले. मित्रहो, असे फॉरवर्ड करून आपण बाबासाहेबांना मोठे करत नाही. धरणे इंजिनिअरांनी आखली आणि मजुरांनी बांधली. बाबासाहेबांचे काम वेगळे होते, आणि ते समजून घ्यायला थोडा अभ्यास लागतो.

1943 मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. बंगालचे भयंकर नुकसान झाले. तोवर पुरावरचा सरकारी इलाज एकच : काठाला बांध घाला आणि पाणी लवकर समुद्राला पोचवा. बाबासाहेबांच्या खात्याने अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या प्राधिकरणाचा अभ्यास केला. ते प्राधिकरण 1933 चे. तिथल्या कामाचा अनुभव असलेले इंजिनिअर वुर्डुइन यांनी दामोदरची प्राथमिक योजना तयार केली. त्यातला कळीचा शब्द होता 'मल्टिपर्पज', बहुउद्देशीय. एकाच धरणाने पूर अडवायचा, त्याच पाण्यावर शेत भिजवायचे, त्याच पाण्याने टर्बाइन फिरवून वीज करायची आणि जमेल तिथे जलवाहतूक चालवायची. दुसरा शब्द होता 'बेसिन', नदीचे खोरे. नदी बिहार आणि बंगाल दोन प्रांतांतून वाहते, तर विचार प्रांताचा न करता खोऱ्याचा करायचा. 1945 मध्ये कलकत्त्याला त्यासाठी दोन्ही प्रांतांच्या परिषदा झाल्या. 1948 मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले.

नोव्हेंबर 1945 मध्ये कटकला ओरिसाच्या नद्यांवर परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी जुन्या समित्यांच्या विचाराचे मूळच पकडले. पाणी जास्त झाले म्हणून ते संकट, ही समजूतच चुकीची आहे, असे त्यांनी मांडले. माणसाला जास्त पाण्यापेक्षा पाण्याच्या अभावाचा त्रास अधिक होतो. पाणी ही संपत्ती आहे. ती घालवायची नसते, साठवायची असते. ज्याच्या समाजाला पाण्यावाचून ठेवले गेले, त्यालाच हे एवढ्या स्पष्टपणे दिसावे, यात आम्हाला आश्चर्य वाटत नाही.

विजेचे तसेच. ऑक्टोबर 1943 मध्ये वीज धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विचारले की आपल्याला वीज कशासाठी हवी? दिवे लावण्यासाठी नव्हे. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत, आणि उद्योगाशिवाय शेतीवर पडलेला माणसांचा भार हलणार नाही. हा विचार त्यांना खात्यात येऊन सुचलेला नव्हता. 1918 मध्ये लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधातच त्यांनी मांडले होते की शेतीचा आजार शेतीच्या आत बरा होणार नाही, त्याचा उपाय औद्योगिकीकरणात आहे. भूमिहीनाच्या दृष्टीने बघा. गावात जमीन त्याची नाही, विहीर त्याची नाही, कामही जातीने ठरलेले. त्याला गावाबाहेर काढणारा रस्ता कारखान्याकडे जातो, आणि कारखाना विजेवर चालतो.

पण कारखान्याच्या दारातही जात उभी होती. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, घेत नसत. कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि तो धोटा मग दुसऱ्याच्या तोंडाला लागे. जास्त पगार त्याच खात्यात होता. म्हणून बाबासाहेबांनी विजेच्या धोरणाबरोबर तंत्रशिक्षणाचाही आग्रह धरला. 1942 मध्ये सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठीही मागितल्या. नुसता कामगार होऊन भागणार नाही, यंत्र समजणारा माणूस आपल्यातून निघाला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब.

या चार वर्षांतून संस्था उभ्या राहिल्या. नोव्हेंबर 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ, एप्रिल 1945 मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ तिथे आहे. 1946 मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. पुढे राज्यघटनेत आंतरराज्य नद्या केंद्राच्या सूचीत, पाणी राज्याच्या, वीज समवर्ती सूचीत आणि नद्यांच्या तंट्यांसाठी कलम 262. हा सगळा व्यवहार इंग्रजीत झाला. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ आणि बॅरिस्टर होते, इंजिनिअर नव्हते. त्यांनी हे शब्द शिकून घेतले. आमच्या म्हणण्याचा गाभा इथे आहे.

आता कुणी म्हणेल, हे इंग्रजीचे कौतुक कशाला? मराठीत करा की सगळे. आम्ही मराठीतच लिहितो आणि मराठीवर आमचे प्रेम आहे. 'मूकनायक' मराठीतच निघाला. पण सरकारी मराठी एकदा वाचून बघा. वीजबिलावर 'वहन आकार' लिहिलेले असते. किती घरांत त्याचा अर्थ माहीत आहे? इंग्रजीत तो व्हीलिंग चार्ज : वीज तारांवरून तुमच्या घरापर्यंत आणण्याचे भाडे. संस्कृतातून घडवलेला शब्द आपल्या वस्तीला इंग्रजीइतकाच परका आहे. शिवाय करार, टेंडर, तांत्रिक मंजुरी आणि बहुतेक कोर्टाचे निकाल मूळ इंग्रजीत असतात. सावित्रीमाईंनी 1854 च्या आपल्या कवितासंग्रहात इंग्रजी शिका म्हणून सांगितले ते हौसेखातर नव्हे. जोतीरावांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये पाटबंधारे खात्याची झाडाझडती घेतली, शेतकऱ्याला पाणी मापाने का मिळत नाही असे विचारले. माप कळल्याशिवाय जाब विचारता येत नाही.

चार शब्द घेऊन बघू.

टीएमसी. थाउजंड मिलियन क्युबिक फीट, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी, सुमारे 2,832 कोटी लिटर. उजनी धरणात पूर्ण भरल्यावर सुमारे 117 टीएमसी पाणी मावते. त्यातले सुमारे 63 टीएमसी 'डेड स्टोरेज', मृतसाठा. टक्केवारी धरतात ती वरच्या 'लाइव्ह स्टोरेज'ची. म्हणून उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये" अशी बातमी येते तेव्हा धरण कोरडे पडलेले नसते. राखून ठेवलेल्या साठ्याला हात लागलेला असतो. मग प्रश्न असा विचारायचा : तो कुणासाठी उपसला, पिण्यासाठी की उसासाठी?

कमांड एरिया. लाभक्षेत्र. कालव्याने भिजणारी जमीन. महाराष्ट्राच्या 2005 च्या कायद्याने पाणीवापर संस्था केल्या, आणि सभासद कोण, तर लाभक्षेत्रातला जमीनधारक. ज्याला जमीन नाही त्याला त्या पाण्यावर मत नाही. भूमिहीनांत आपण किती आहोत ते वेगळे सांगायला नको. असेच असावे लागते असे नाही. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने माणशी वाटा ठरवला आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क दिला. एका शब्दाची व्याख्या बदलली की पाण्याची वाट बदलते.

सबमर्जन्स. बुडीत क्षेत्र. धरणाने खोऱ्याला वीज मिळते आणि कुणाचे तरी गाव बुडते. एकट्या हिराकूडने लाखाहून जास्त माणसे उठवली. बाबासाहेबांच्या धोरणाचा अभिमान बाळगताना हा शब्द गाळायचा नाही. बुडणाऱ्यांत आदिवासी आणि दलित किती, हे विचारणे हेच त्यांच्या विचाराला धरून आहे.

हझार्डस क्लीनिंग. धोकादायक सफाई. आपला माणूस गटारात वायूने गुदमरून मरतो तेव्हा बातमीत आणि कागदावर 'अपघात' येते. 2013 च्या कायद्यात शब्द वेगळा आहे. सुरक्षेची साधने न देता गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणे ही हझार्डस क्लीनिंग आहे आणि तो गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 2014 मध्ये 10 लाख ठरवली, 2023 मध्ये ती 30 लाख केली. 'अपघात' लिहिला की दोष नशिबाचा. बरोबर शब्द लिहिला की दोष ठेकेदाराचा आणि त्याला ठेका देणाऱ्याचा. पंचनाम्याच्या वेळी तिथे उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला हा शब्द माहीत नसेल, तर त्या घराचे काय होईल, याचा विचार करा.

म्हणून आम्ही अभ्यासवर्गात एक वही सुरू केली आहे. दर रविवारी पाच शब्द. प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी : आपल्या बोलीत अर्थ, तो कोणत्या कागदावर सापडतो, आणि तो सापडला की कोणता प्रश्न विचारायचा. तिसरा रकाना महत्त्वाचा. तो रिकामा राहिला तर ही स्पर्धा परीक्षेची घोकंपट्टी होते. परीक्षेलाही उपयोग होतो, आमची ना नाही. पण पास झालेला मुलगा ज्या टेबलामागे बसेल, त्या टेबलापुढे त्याचीच वस्ती अर्ज घेऊन उभी असेल.

वहीत पहिला शब्द त्या मुलीने लिहिला आहे. एलपीसीडी. अर्थ : माणशी रोजचे पाणी. कुठे सापडतो : योजनेच्या फलकावर. प्रश्न : आमच्या वाट्याचे उरलेले साडेबेचाळीस लिटर कुठे आहे? पुढच्या ग्रामसभेत ती तो पुन्हा विचारणार आहे. आम्ही सोबत असू. तुमच्या गावचा फलक तुम्ही वाचला का?

जय भीम.