रिकाम्या पुंगळीची मोजदाद

मी यवतमाळला कॉलेजात असताना एनसीसीत होतो. पावसाळा सरला की गावाबाहेर थ्री-नॉट-थ्री रायफलीचा सराव असे. प्रत्येकाला पाच गोळ्या मिळत. त्या झाडून झाल्या की रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या. एकदा एक पुंगळी कमी भरली. उस्ताद म्हणाले, ‘‘एक खोका कम है, कोई घर नहीं जाएगा.’’ आम्ही सारी मुले दिवेलागणीपर्यंत गवत चाचपत होतो. बोटभर पितळेसाठी एवढा आटापिटा कशाला, असे तेव्हा वाटले होते.

१८५७ सालचे काडतूस कागदी होते, ते दातांनी तोडावे लागे, हे आपण शाळेतच शिकतो. त्यानंतर नऊच वर्षांनी, १८६६ मध्ये, ब्रिटिश सैन्याने एडवर्ड बॉक्सर यांचे पितळी काडतूस स्वीकारले. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. पुंगळीच्या पितळेत साधारण सात भाग तांबे आणि तीन भाग जस्त असते. बार उडताच हे पितळ फुगते आणि नळीचे तोंड बंद करते, म्हणून वायू मागे येत नाही. लगेच ते किंचित आकसते, म्हणून पुंगळी सहज बाहेर निघते. कागद जळून जातो, पितळ मात्र उरते. साहजिकच ते पुन्हा भरता येते.

पण ते काम वाटते तेवढे सोपे नाही. वापरलेली टोपी काढायची, फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, लांबलेले तोंड कापायचे. लष्करी पुंगळीत टोपी हलू नये म्हणून भोवतीची कड ठोकून बसवतात. नवी टोपी बसवण्याआधी ती कड काढावी लागते. शिवाय खडकीच्या थ्री-नॉट-थ्रीला तळाशी दोन बारीक छिद्रे असत. ही पद्धत हिराम बर्डन या अमेरिकनाची. मधोमध एकच छिद्र असलेली, सुईने टोपी झटकन काढता येणारी पद्धत इंग्रज बॉक्सरची. गंमत अशी, की ती रुजली अमेरिकेत!

मोठा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात लष्करी हालचाली थंडावत आणि काडतुसे पागेत ठेवली जात. पाऊस उघडल्यावर पाहावे, तर न उडालेल्या काडतुसांच्याही गळ्याला चिरा! मोसमाशी जोडलेला म्हणून या रोगाला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. त्याचा उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि घडवताना पितळेत राहून गेलेला ताण, हे दोघे मिळून धातू चिरत होते. त्यावर उपाय म्हणजे बेताचा शेक देऊन तो ताण उतरवणे. पुन्हा पुन्हा भरलेली पुंगळीही अशीच कडक होत जाते. वरून ती चकाकते, पण कधीतरी फाटते आणि तापलेला वायू बंदूक धरणाऱ्याच्या तोंडावर येतो.

१९५९ च्या शस्त्र कायद्याने काडतुसाचे सुटे भागही दारूगोळ्यात धरले आहेत. परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गुन्हा आहे. उस्तादांची मोजदाद उगाच नव्हती.

ही शिस्त मला पुन्हा आठवली ती २० नोव्हेंबर २०१८ रोजी. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी स्फोट झाला. मेलेल्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते, पोटासाठी त्या कामावर आलेले. दारूगोळा जुना झाला, मुदत सरली, म्हणून तो निरुपद्रवी होत नाही. नांगरताना किंवा भंगारात असे काही सापडले तर त्याला हात लावू नका, घरी नेऊ नका. पोलिसांना कळवा.

आणि हो, त्या दिवशीची पुंगळी शेवटी सापडली. माझ्याच पँटच्या दुमडीत.