व्हॅनिला

व्हॅनिला : (लॅ. व्हॅनिला प्लॅनिफोलिया, कुल–ऑर्किडेसी). आमर कुलातील ही मांसल, सदापर्णी वेल मूळची आग्नेय मेक्सिको व मध्य अमेरिका येथील उष्ण, दमट अरण्यांतील आहे. पेऱ्यांपासून फुटणाऱ्या वायवी मुळांनी ती वृक्षांच्या खोडांना बिलगून वर चढते. फुले हिरवट पिवळी असून प्रत्येक फूल एकच दिवस उमललेले राहते. परागकोश व किंजल्क यांमध्ये पातळ पडदा असल्याने स्वपरागण क्वचितच होते. मूलस्थानी परागण तेथील विशिष्ट मधमाश्यांकडून होते. हिरव्या शेंगांना सुवास नसतो. त्या उबवून, वाळवून व काही महिने मुरवत ठेवल्यावरच तो प्रकट होतो.

इतिहास : मेक्सिकोच्या आखाती किनारपट्टीवरील टोटोनॅक लोकांना ही वेल पूर्वापार परिचित होती. ॲझटेक लोक तिला ‘काळे फूल’ या अर्थाच्या नावाने ओळखत; वस्तुतः फूल काळे नसून मुरलेली शेंग काळी असते. कोकोच्या पेयात ते ती मिसळीत. स्पॅनिश विजयानंतर (१५२१) तिचा यूरोपात प्रसार झाला. ‘व्हॅनिला’ हे नाव ‘लहान शेंग’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून आले आहे.

यूरोपीयांनी ही वेल इतर उष्ण देशांत नेली. तेथे ती वाढली, फुललीही. परंतु परागवाहक कीटकांच्या अभावी फळली नाही. १८३६ मध्ये बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल मॉरेन यांनी लिएझ येथे कृत्रिम परागण यशस्वी केले. तथापि व्यवहारोपयोगी रीत १८४१ मध्ये हिंदी महासागरातील रेयून्यों बेटावर एदमाँ या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. बारीक काडीने मधला पडदा उचलून अंगठ्याने पराग किंजल्कावर दाबण्याची ही रीत मळ्यांत आजही रूढ आहे. तिच्यामुळेच मेक्सिकोची मक्तेदारी संपून मादागास्कर हा प्रमुख उत्पादक देश बनला. १८४८ मध्ये गुलामगिरी रद्द झाल्यावर एदमाँला स्वातंत्र्य व ‘अल्बियस’ हे आडनाव मिळाले. या शोधाचा आर्थिक लाभ मात्र मिळाला नाही. १८८० मध्ये तो दारिद्र्यात मरण पावला.

मळ्यांतील वेलींची लागवड खोडाच्या छाटांनी होत असल्याने त्यांत आनुवंशिक विविधता अत्यल्प आहे व मूळकुजव्यासारख्या कवकजन्य रोगांना त्या सहज बळी पडतात. प्रतिकारक्षम वाण निपजविण्यास आवश्यक असलेली विविधता मुख्यतः रानटी वेलींत आढळते. परंतु अरण्यतोडीमुळे त्या दुर्मिळ झाल्या आहेत. म्हणून मूळ अरण्यांचे रक्षण हे या पिकाच्या भवितव्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.