निर्दयी नावाची बुरशी

भाकरीवर हिरवट थर आला की घरी आम्ही त्याला फफूँद म्हणतो, वर्गात बुरशी. दोन्ही भाषांत तिची जागा कचऱ्यात. पण ही गोष्ट ज्या बुरशीची आहे, ती फेकली तिथेच चूक झाली. नावही चुकले, म्हणून भाषेच्या मास्तराने सांगायला हरकत नाही.

१८९२ साली ब्यूनस आयर्समध्ये अलेहांद्रो पोसादास या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला एका सैनिकाच्या त्वचेवरील गाठींत गोल पेशी दिसल्या. कॉक्सिडिया नावाच्या एकपेशीय परजीवींसारख्या. पुढे कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यातही असे रोगी सापडले. १८९६ मध्ये रिक्सफर्ड आणि गिलख्रिस्ट यांनी नाव ठेवले कॉक्सिडिऑइडीस इमायटिस. अर्थ, कॉक्सिडियासारखा आणि निर्दयी. त्यांच्याही बशीत बुरशी उगवत होती, पण बाहेरून पडली असेल असे त्यांनी धरले.

१९०० मध्ये ऑफुल्स आणि मॉफिट यांनी ती फेकली नाही. प्राण्यांना टोचली, तर त्यांच्या शरीरात त्याच गोल पेशी! बशीत तंतू, शरीरात गोळे; जीव एकच. नावाचा पहिला अर्धा भाग असा खोटा ठरला.

दुसरा अर्धा टिकला, कारण प्रयोगशाळेपर्यंत पोहोचत ते मरणाच्या दारातलेच. मग १९२९ मध्ये स्टॅनफर्डचा विद्यार्थी हॅरॉल्ड चोप याने जुन्या वाढीची बशी उघडली आणि बीजाणू त्याच्या श्वासात गेले. न्यूमोनिया झाला. आता हा जात नाही, असेच सगळे समजून बसले. पोरगा बरा झाला! मात्र पायांवर लाल गाठी आल्या.

तशाच गाठी, तसाच ताप खोऱ्यातल्या लोकांना कधीपासून माहीत होता. ते त्याला ‘व्हॅली फीव्हर’, खोऱ्याचा ताप म्हणत. १९३०च्या दशकात डॉ. मर्नी गिफर्ड आणि प्रा. डिक्सन यांनी दोन्ही आजार एकच असल्याचे दाखवले. मातीतून उडणारी धूळ श्वासात जाते. बहुतेकांना काही होत नाही किंवा हलका ताप येतो, थोड्यांनाच तो जिवावर बेततो. खोऱ्यातल्या लोकांनी ठेवलेले साधे नाव पंडितांच्या लॅटिनपेक्षा खरे निघाले, याचे मला फारसे नवल वाटत नाही.

आजही जिवंत बुरशी वाढवून पाहिली की निदान पक्के होते. पण चोपच्या बशीची भीती गेलेली नाही. संशय असेल तर डॉक्टरने नमुन्यासोबत तसे आधीच कळवायचे असते, म्हणजे प्रयोगशाळेतला माणूस ती बशी बंद कपाटाबाहेर उघडणार नाही.