राज्य दुभंगले, भट्टी पेटतीच राहिली



एखादा प्रांत देशातून फुटून निघाला, तर तिथल्या कारखान्यांचे, दुकानांचे काय होईल? आज हा प्रश्न घेऊ. भिलाईकरांना त्याचे निम्मे उत्तर घरबसल्या मिळते, कारण आपल्या भागाची राजधानी दोनदा बदलली आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला ती नागपूरहून भोपाळला गेली आणि १ नोव्हेंबर २००० ला रायपूरला आली.

फौजेत आम्ही नकाशा पाहायचो तसा रसदीचा रस्ताही पाहायचो. इथेही तेच करू. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. तिला लोहखनिज लागते दल्ली-राजहऱ्याचे, चुनखडी नंदिनीची, डोलोमाईट हिर्रीचे. कोळसा मात्र झरियाच्या बाजूने आणि विशाखापट्टणम बंदरातून येतो. आता गंमत बघा. १ नोव्हेंबर २००० ला आपण मध्य प्रदेशातून निघालो आणि १५ नोव्हेंबरला झरिया बिहारमधून झारखंडात गेले. म्हणजे पंधरवड्यात खनिजाचे राज्यही बदलले आणि कोळशाचेही. तरी भट्टी पेटतीच राहिली. कारण मालक ‘सेल’ ही केंद्राची कंपनी, वाघिणी भारतीय रेल्वेच्या, रुळांचे मोठे गिऱ्हाईकही रेल्वेच, आणि रुपया तोच.

झळ बसली ती लहानांना. आदल्या दिवशी भिलाईच्या वर्कशॉपमधून जबलपूरला गेलेला माल राज्यातला होता, दुसऱ्या दिवशी तोच परराज्यातला ठरला. त्यावर केंद्रीय विक्रीकर आणि गिऱ्हाइकाकडून ‘सी फॉर्म’ आणायची कटकट. फॉर्म आला नाही तर जास्त दराने कर. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा कुठे हा फॉर्म बहुतेकांच्या मागून सुटला. एवढे सगळे एकाच देशात, एकाच सुप्रीम कोर्टाखाली.

आता देशच तुटला तर काय होते, ते बंगालमध्ये पाहू. १९४७ ला ताग गिरण्या राहिल्या कलकत्त्याजवळ हुगळीकाठी, आणि तागाची बहुतेक शेते गेली पूर्व पाकिस्तानात. तिकडे एकही गिरणी नव्हती. तरी दोन वर्षे व्यवहार कसाबसा चालला. सप्टेंबर १९४९ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही. त्यांचे १०० रुपये म्हणजे आपले १४४ झाले. हा दर आपल्याला मान्य नव्हता. व्यापार जवळपास थांबला. तिकडे ताग पडून, इकडे गिरण्यांना ताग कमी, आणि आपला कोळसाही तिकडे जायचा बंद. फेब्रुवारी १९५१ मध्ये करार होईपर्यंत हे चालले. मग त्यांनी नारायणगंजला गिरणी उभारली, आपण बंगाल, आसाम, बिहारमध्ये तागाची लागवड वाढवली. एकच धंदा दोघांनी दोनदा उभा केला. मधल्या काळात मार खाल्ला शेतकऱ्याने आणि गिरणी कामगाराने.

म्हणून कुणी ‘वेगळे झालो की भरभराट’ म्हणाले, तर चार गोष्टी विचाराव्यात. माल कुठल्या रस्त्याने येणार? पैसा कुठला चालणार? तंटा कुठल्या कोर्टात जाणार? आणि गिऱ्हाईक कोण? भिलाईला २००० मध्ये या चारही प्रश्नांची उत्तरे आधीपासून हातात होती. तागवाल्यांकडे १९४९ मध्ये पहिल्या दोनांचीही नव्हती. उद्या कुठलाही प्रांत फुटला, तर मोठा कारखाना सरकारच्या आधाराने काही महिने तग धरेल. आठ-दहा कामगारांच्या वर्कशॉपला दोन महिन्यांचे बिल अडकले तरी शटर ओढावे लागते. हिशेब करायचा तो त्याच्या गल्ल्यावरून.

पुढच्या भागात १९५६ नंतरच्या नागपूरबद्दल बोलू: राजधानी गेल्यावर तिथल्या बाजारपेठेचे काय झाले.

जय हिंद.