प्रकाशीय तंतूंद्वारे भूकंपमापन

दूरसंदेशवहनासाठी जमिनीखाली वा सागरतळावर घातलेल्या केबलींतील काचतंतूंमधून लेसर प्रकाश पाठवून भूकंपतरंगांची व भूपृष्ठाच्या हालचालींची नोंद करण्याच्या पद्धतीस ही संज्ञा देतात.

पूर्वेतिहास : केबल भूकंपाची साक्ष देऊ शकते, हे काचतंतूंच्या आधीच दिसून आले होते. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यू फाउंडलंडच्या दक्षिणेस ग्रँड बँक्सनजीक ७.२ महत्तेचा भूकंप झाला व अटलांटिकच्या तळावरील १२ तारायंत्र केबली तुटल्या. केंद्राजवळच्या तत्काळ व दूरच्या एकामागून एक तुटत गेल्या. शेवटची तुटण्यास १३ तासांहून अधिक वेळ लागला. त्सुनामी लाटांनी बुरिन द्वीपकल्पावर २८ माणसे दगावली. तेथील तारायंत्र बंद असल्याने मदत पोहोचण्यास तीन दिवस लागले. केबली तुटल्याच्या वेळांवरून ब्रूस हीझेन व मॉरिस युइंग यांनी १९५२ मध्ये सागरतळावरील गाळमिश्रित प्रवाहाचा वेग काढला. दरम्यान, ह्यूगो बेनिऑफ यांनी १९३५ मध्ये जमिनीतील दोन खांबांमधील अंतराचा बदल, म्हणजे विकृती, नोंदणारा भूकंपलेखक वर्णिला होता.

तत्त्व व विकास : चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये काचतंतूंची संदेशवहनक्षमता दाखविली व १९७० मध्ये अल्प क्षय होणारे तंतू तयार झाले. काचेतील अतिसूक्ष्म असमांगतेमुळे प्रकाशाचा अल्पांश मागे परततो (रॅली प्रकीर्णन). १९७६ पासून तो तंतूतील दोष शोधण्यास वापरात आला. तंतू ताणला वा आकुंचित झाला की परतणाऱ्या प्रकाशाची कला बदलते. स्पंद परतण्यास लागलेल्या वेळेवरून ते स्थान कळते. अशा रीतीने एकच तंतू हजारो संवेदकांचे काम करतो. ही पद्धत प्रथम तेलविहिरींत रुळली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातील दूरध्वनी नळ्यांत टाकलेल्या तंतूने २०१६ पासून भूकंप नोंदविले.

सागरतळ : पृथ्वीच्या पृष्ठाचा सु. ७०% भाग पाण्याखाली असून तेथे भूकंपमापके अत्यंत विरळ आहेत. त्यामुळे या पद्धतीचे महत्त्व तेथे सर्वाधिक आहे. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे उपसागराच्या २० किमी. केबलीने जमिनीवरील ३.४ महत्तेचा भूकंप टिपला व अज्ञात विभंगही उजेडात आले. त्याच वर्षी माल्टा-सिसिली केबलीतील प्रकाशाच्या कलेवरून भूकंप ओळखल्याचे प्रसिद्ध झाले. लॉस अँजेल्स ते चिली अशा सु. १०,००० किमी. केबलीत नेहमीच्या संदेशवाहक प्रकाशाच्या ध्रुवणातील बदलांवरून नऊ महिन्यांत सु. २० भूकंप आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

ज्वालामुखी व मर्यादा : आइसलँडमध्ये ग्रिंदाव्हीकजवळ २०२३ अखेरीपासून सु. १०० किमी. केबलीने शिलारसाच्या अंतर्वेशनाची मिनिटागणिक नोंद केली. काही उद्रेकांपूर्वी अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंतची पूर्वसूचना त्यातून मिळाली. तथापि तंतू मुख्यत्वे स्वतःच्या लांबीच्या दिशेतील विकृतीच जाणतो. केबल जमिनीशी किती घट्ट जोडलेली आहे यावर नोंदीची प्रत अवलंबून असते. रहदारीचे कंपन व माहितीचा प्रचंड संचय याही अडचणी आहेत. या पद्धतीने भूकंपाचे भाकीत करता येत नाही. मात्र सागरतळावर भूकंप झाल्यास विनाशक तरंग किनाऱ्यावर येण्यापूर्वी इशाऱ्यासाठी काही सेकंद अधिक मिळू शकतात.