बलाची लहान एकके : रूपांतर

एक ग्रॅम वस्तुमानात दर सेकंदाला सेकंदास एक सेंटिमीटर प्रवेग निर्माण करणाऱ्या बलास डाइन म्हणतात. एक न्यूटन म्हणजे १,००,००० डाइन, म्हणून एक डाइन म्हणजे १० मायक्रोन्यूटन. हे रूपांतर दशमान असल्यामुळे निव्वळ शून्ये सांभाळण्याचे आहे. खरा घोटाळा ग्रॅम-भार या एककाने होतो, कारण ग्रॅम हे वस्तुमान आणि ग्रॅम-भार हे त्यावरील गुरुत्वीय बल असून ते ९८०.६६५ डाइन, म्हणजे ९.८०६६५ मिलिन्यूटन, मानले जाते.

हा आकडा १९०१ साली ठरलेल्या प्रमाण गुरुत्वप्रवेगावर बेतलेला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर, सु. १७.४° उत्तर अक्षांशावर व समुद्रसपाटीला, गुरुत्वप्रवेग सु. ९.७८५ मी./से.² येत असल्याने तेथे एक ग्रॅमचे प्रत्यक्ष वजन प्रमाण ग्रॅम-भारापेक्षा सु. ०.२ टक्के कमी भरते. बाजारात हा फरक जाणवत नाही, परंतु वजने टांगून बलमापक तपासताना तो धरावाच लागतो.

सोनाराच्या तराजूतील काळ्या डोळ्याची तांबडी गुंज हे उदाहरण येथे सोयीचे आहे. आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा (११.६६४ ग्रॅ.) या हिशेबाने गुंज ०.१२१५ ग्रॅमची ठरते आणि तिचे प्रमाण वजन सु. ११९ डाइन किंवा १.१९ मिलिन्यूटन होते.

पृष्ठताणाच्या कोष्टकांत मात्र रूपांतराची गरजच पडत नाही : डाइन प्रतिसेंटिमीटर आणि मिलिन्यूटन प्रतिमीटर ही एकके समान असून २०° से. तापमानास पाण्याचा पृष्ठताण दोन्हींत ७२.८ आहे.