ठिगळं जोडून उभा राहिलेला सर्व्हर

घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलंय, वेब सर्व्हर चालवताय आणि रात्री अकराला तो बंद पडतो. कस्टमर केअर नाही. मग करायचं काय? १९९४ मध्ये हाच प्रश्न मोठमोठ्या वेबमास्टर लोकांपुढे होता.

तेव्हा सगळ्यात जास्त चालायचा तो इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्राचा एचटीटीपीडी सर्व्हर. तो लिहिणारा रॉब मॅक्कूल १९९४ च्या मध्यात तिथून बाहेर पडला आणि काम थंडावलं. बग मात्र थांबले नाहीत! सोर्स कोड हाताशी होता, म्हणून ज्याने त्याने आपापल्यापुरता पॅच मारला. म्हणजे एकच खड्डा प्रत्येक जण वेगळा बुजवत होता.

फेब्रुवारी १९९५ मध्ये ब्रायन बेहलेनडॉर्फसह आठ जण ईमेलवरून एकत्र आले आणि त्यांनी हे सगळे पॅच एका जागी आणले. एप्रिलमध्ये त्यातूनच अपाची सर्व्हर बाहेर पडला. १ डिसेंबर १९९५ ला १.० आवृत्ती आली आणि १९९६ मध्येच अपाचीने एनसीएसएला मागे टाकलं.

पॅच तर आधीपासून होतेच. फरक पडला तो ते एकमेकांना दिल्यामुळे. तेव्हा आज रात्री तुमची एरर सुटली, तर उपाय स्वतःपाशी ठेवू नका. लिहा आणि पाठवा!